पाळण्याचा सण आणि खानदेशचा बालकवी

मार्गशीर्ष हा आपल्या घरांतून पाळणा हलविण्याचा महिना. दत्तजयंतीच्या सायंकाळी धुळ्या-जळगावच्या दत्तमंदिरांतून पाळणा सजतो, सुंठवडा वाटला जातो आणि अनसूयामातेच्या सत्त्वबळाने ब्रह्मा, विष्णू, महेश हे तिघेही तान्ही बाळे कशी झाली, ती कथा लहानथोर पुन्हा एकदा भक्तिभावाने ऐकतात. परमेश्वराला बाळ करून मांडीवर घेण्याची ही हौस आपल्या धर्माची फार जुनी ठेव आहे. चैत्रात राम, श्रावणात कृष्ण, मार्गशीर्षात दत्त. वर्षातून तीनदा आपल्या माताभगिनी जगन्नियंत्याला अंगाई गातात.

बहुधा याच सुमारास आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरीही एका बाळाचा जन्मोत्सव होतो. नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थच जन्म असा आहे. बेथलेहेम गावी मरिया व योसेफ या दांपत्याला धर्मशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून बाळ येशूला गुरांच्या गव्हाणीत निजविले. रानात कळप राखणारे मेंढपाळ त्याच्या दर्शनास प्रथम आले, ही ती कथा. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, जळगाव-धुळ्याच्या मंडळ्यांत, नवापूर-नंदुरबारकडील आदिवासी पाड्यांत २५ डिसेंबरच्या आधीपासूनच दारोदारी कागदी चांदण्या लागतात. करंज्या, चकल्या, लाडू यांची ताटे शेजारीपाजारी जातात.

आणि मग भाविक हिंदू घरातील एखादे मूल विचारते, आपणही दारात चांदणी लावू या का? देवघरात सांजवात लावणारी आजी क्षणभर थबकते. तिचे थबकणे दुराग्रहाचे नसते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला कुळाचार आपल्या हातून उणा तर होणार नाही ना, ही तिची चिंता असते. ही चिंता हसण्यावारी नेण्याजोगी नाही, असे आम्हांस वाटते. तिचे उत्तर ग्रंथांत शोधण्यापूर्वी, आपल्याच खानदेशच्या मातीत जन्मलेल्या एका लाडक्या कवीचे चरित्र आठवून पाहावे, एवढ्यासाठीच आजचा हा लेख. ते कवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, अवघ्या महाराष्ट्राचे बालकवी.

भटक्या बिऱ्हाडातील मूल

बालकवींचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगाव येथे झाला. त्या काळी खानदेश हा एकच विस्तीर्ण जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि पुढे त्यांनाच जळगाव व धुळे ही नावे मिळाली. वडील पोलीस खात्यात नोकरीला असल्यामुळे ठोंबरे कुटुंबाचे बिऱ्हाड एका गावी फार काळ टिकत नसे. मुलाचे शिक्षण त्यामुळे तुटक झाले. पण शाळेने जे दिले नाही ते तापी-गिरणेच्या काठांनी, सातपुड्याच्या निळ्या रांगांनी आणि पावसाळ्यातील हिरव्या माळांनी दिले. नवापूरचा मुक्काम विशेष फलदायी ठरला. दाट वनराईच्या त्या परिसरात, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांच्या कवितेला पहिला अंकुर फुटला.

घर ब्राह्मणाचे, जुन्या वळणाचे. सणवार, व्रतवैकल्ये, देवांची गाणी आणि आयाबायांच्या ओव्या कानांवर पडत पडतच तो काळ जात असे. बालकवींच्या कवितेत फुले, झरे, पाखरे, किरणे ही जी माणसांसारखी हसतात, रुसतात, लग्न लावतात, त्यामागे सृष्टीतील प्रत्येक वस्तूत चैतन्य पाहणारा हा संस्कार आहे. तुळशीचे लग्न लावणाऱ्या घरातील मुलालाच फुलराणीचे लग्न सुचावे, यात नवल ते काय!

जळगावचे कविसंमेलन

त्या वेळी जळगाव हे मराठी कवितेचे एक तीर्थक्षेत्रच होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगावात सुरू केलेले ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक १९३५ पर्यंत चालले आणि महाराष्ट्रातील बहुतेक सर्व नामवंत कवींचे लेखन त्याने रसिकांपर्यंत पोहोचविले. अशा या नगरीत १९०७ साली पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. हे गृहस्थ लष्करी डॉक्टर, स्वतः काव्यप्रेमी आणि वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक.

गावोगावच्या ज्येष्ठ कवींच्या त्या मेळाव्यात सतरा वर्षांचा, साध्या पोशाखातील एक मुलगा उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हटली. सभा स्तब्ध झाली. अध्यक्षांनी त्यास ‘बालकवी’ ही पदवी दिली. झाडाफुलांच्या जाणकाराने झाडाफुलांच्या कवीचे बारसे करावे, हा योग किती मनोहर! तेव्हापासून ठोंबरे हे आडनाव मागे पडले आणि हे नवे नाव महाराष्ट्राच्या ओठांवर कायमचे रुळले.

त्या सभेत आणखी एक व्यक्ती होती. अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, रेव्हरंड नारायण वामन टिळक. या मुलाचे तेज त्यांनी ओळखले आणि त्यास आपल्या घरी आणले. आईबापांच्या घराबाहेर, परक्या गावी, तेही एका ख्रिस्ती उपदेशकाच्या घरी एका ब्राह्मण मुलाने राहावयास जाणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. खानदेशच्या या मुलाला लाभलेले ते दुसरे घर कसे होते, हे जाणून घेतल्याखेरीज त्याच्या चरित्राचा अर्थ उलगडत नाही.

टिळकांचे घर

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली कोकणातील करजगाव येथे झाला. आई अत्यंत भाविक. लहानपणीच घर सोडून ते नाशिकला आले, संस्कृत शिकले, कीर्तने केली, गावोगाव भटकले. रेल्वेच्या एका प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्याच्या वाचनाने त्यांचे अंतःकरण पालटले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

या घटनेने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर जे संकट कोसळले त्याची कल्पनाही आज करवत नाही. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली ही स्त्री एका दिवसात नवरा असून एकाकी झाली. लहानग्या दत्तूला उराशी धरून सुमारे पाच वर्षे तिने पतीपासून दूर काढली. त्यांतील काही काळ पंढरपुरी, विठोबाच्या पायांशी गेला. धर्मांतराने एका भाविक घराचे कसे दोन तुकडे होतात, हे या कुटुंबाइतके कोणी भोगले नसेल. आजच्या आजीच्या मनातील भीतीला आम्ही हलके लेखीत नाही, ते यासाठीच.

अखेर लक्ष्मीबाई पतीकडे राहावयास आल्या, त्या आपले सोवळे घेऊन. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. टिळकांनी त्यास आडकाठी केली नाही. एकाच छपराखाली पती ख्रिस्ताची प्रार्थना करी आणि पत्नी आपले सोवळे सांभाळी. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनातूनच जातिभेदाची गाठ सुटत गेली आणि १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली. पण ती स्वतःच्या पावलांनी, कोणी ओढून नेले म्हणून नव्हे.

या दांपत्याचे घर म्हणजे मुलांचा राबता होता. दुष्काळाने आणि रोगराईने पोरकी झालेली कितीतरी लेकरे त्यांनी सांभाळली. टिळकांच्या खिशात पैसा टिकत नसे. जे हाती येई ते कोणा गरजूच्या हाती जाई आणि चूल पेटविण्याची विवंचना लक्ष्मीबाईंच्या पदरी पडे. तरीही आलेल्या मुलाला तेथे नकार मिळत नसे. गव्हाणीत निजलेल्या बाळाचा उत्सव करणाऱ्यांनी आपल्या दारी आलेल्या बाळाला धर्मशाळेवाल्यासारखे परत पाठवू नये, हा नाताळचा खरा बोध त्या घरात बारा महिने आचरला जात होता.

आणि या घराचे बोलणे, गाणे, जेवण सारे मराठी होते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक मानीत. उसन्या चालींची परकी गाणी त्यांना पुरेशी वाटली नाहीत. त्यांनी अभंग रचले, भजने रचली, ख्रिस्तचरित्रावर टाळ-मृदंगाच्या साथीने कीर्तने केली. त्यांची दोनशेहून अधिक गीते मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत रूढ झाली. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभिले. ते त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि औपचारिक शिक्षण जवळजवळ न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी ते नेटाने पुढे नेले. आपली ज्ञानेश्वरी, आपले अभंग यांचेच छंद घेऊन त्या घराने आपला नवा देव आळविला.

एक उंबरठा, दोन देव

अशा घरी आपला बालकवी आला. रेव्हरंड टिळकांना महाराष्ट्र ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखतो. पारध्याच्या हातून घायाळ झालेल्या पक्षिणीची त्यांची कविता शाळेत ज्याने वाचली नाही असा मराठी माणूस विरळा. फुलांवर आणि मुलांवर जीव टाकणाऱ्या त्या प्रौढ कवीला हा सतरा वर्षांचा भाबडा, हळवा मुलगा म्हणजे आपल्याच कवितेतून उठून आल्यासारखा वाटला असावा. त्यांनी त्याला वात्सल्य दिले, कवितेची चर्चा दिली, मोकळीक दिली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ठोंबरे हे घरातीलच एका मुलासारखे वावरताना दिसतात. वयाने मोठा होऊनही मनाने लहान राहिलेला हा कवी त्या माउलीला नीट उमगला होता. पुढे नगरच्या मिशनच्या शाळेत त्यांनी काही काळ अध्यापनही केले.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहो, ती ही. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरी हा मुलगा राहिला. तेथे रोज प्रार्थना होई. तेथे नाताळ हा वर्षाचा मोठा सण होता. तेथील गीतांत ख्रिस्ताचा महिमा होता. यजमान स्वतः धर्मप्रसाराचे कार्य करणारे, वाणीचे सामर्थ्य असलेले, आणि पाहुणा कोवळ्या वयाचा, कोणाच्याही प्रेमाने विरघळणारा. तरीही बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्या घराने त्यांना माया दिली आणि मायेच्या बदल्यात त्यांचा धर्म मागितला नाही. सोवळ्यातील पत्नीला जिने आपल्या चुलीवर निराळे शिजवू दिले, ती उदारता या मुलाच्याही वाट्याला आली.

बालकवींनीही त्या घराच्या देवाचा अनादर केला नाही. त्यांच्या कवितेत निंदा कोणाचीच नाही. पहाटेचे किरण जसे देवळाच्या कळसावर तसेच गिरिजाघराच्या घंटेवरही पडतात, तसे त्यांचे मन सर्वांवर सारखे पडले. ज्याचा स्वतःच्या घरचा संस्कार पक्का आहे त्याला दुसऱ्याच्या देवघरासमोर उभे राहताना भय वाटत नाही, हे या चरित्राने सिद्ध केले आहे. भीती असते ती रिकाम्या मनाला. ज्या मुलाला पाळण्यातील दत्त ठाऊक आहे, त्याला गव्हाणीतील ख्रिस्त परका वाटणार नाही. आणि तो समजला म्हणून दत्त विसरलाही जाणार नाही.

भादलीचे स्थानक

बालकवींचे पुढील आयुष्य सुखाचे झाले नाही. विवाह झाला, संसाराचा भार आला, पैशाची ओढाताण सुरू झाली. गावे बदलली, नोकऱ्या बदलल्या. ज्या मनाने आनंदाचे चांदणे शिंपले, त्याच मनात उदासीनतेचा काळोख दाटू लागला. ‘औदुंबर’सारख्या त्यांच्या कवितेत ही गूढ छाया दिसते. ५ मे १९१८ रोजी, जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान असलेल्या भादली स्थानकावर, आगगाडीखाली सापडून त्यांचे देहावसान झाले. वयाला अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ज्या जळगावने त्यांना नाव दिले, त्याच जळगावच्या वेशीवर हा प्रवास संपला. विधिलिखित याहून कठोर ते काय असू शकते!

त्यानंतर जेमतेम एक वर्ष लोटले आणि ९ मे १९१९ रोजी रेव्हरंड टिळकांनीही मुंबईस देह ठेवला. लक्ष्मीबाई मात्र १९३६ पर्यंत होत्या. त्यांनी लिहिलेल्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि मराठी घराघरांतून, हिंदू स्त्रियांनी अधिक आवडीने, तो वाचला. सोवळ्याओवळ्याच्या, उपासातापासाच्या, रागालोभाच्या त्या हकिगतीत प्रत्येकीला आपलेच माहेर दिसले. धर्म बदलला तरी घराचे घरपण कोठे राहते, याचे ते पुस्तक म्हणजे हसतहसत सांगितलेले उत्तर आहे.

आपल्या घरातील लेकरांसाठी

तेव्हा नाताळच्या दिवशी मुलाने चांदणीचा हट्ट धरला तर काय करावे? आम्हांस असे वाटते की प्रथम त्याला जवळ घेऊन गोष्ट सांगावी. मथुरेच्या बंदिशाळेत मध्यरात्री कृष्णाचा जन्म झाला आणि कंसाच्या भयाने वसुदेवाने त्यास यमुनेपार नेले, ही कथा त्यास ठाऊक असतेच. तिच्या शेजारी गव्हाणीतील बाळाची कथा ठेवावी. हेरोद राजाच्या भयाने त्या बाळालाही आईबापांनी दूर मिसर देशी नेले, हे ऐकताच मूल स्वतःच दोन्ही कथांची गाठ बांधील. ते काम आपण करावयाची गरज पडणार नाही.

दुसरे, शेजारी ख्रिस्ती कुटुंब असेल तर मुलांना त्यांच्याकडे शुभेच्छा देण्यास पाठवावे. दिवाळीत त्यांच्या घरी आपले ताट गेले असेल, तर नाताळात त्यांचे ताट आपल्याकडे आनंदाने स्वीकारावे. व्रत-उपवासामुळे काही खाणे वर्ज्य असेल तर तसे मोकळेपणे सांगावे. त्यात कोणाचा अपमान होत नाही. टिळकांच्या घरी एकेकाळी दोन चुली पेटत होत्या, तरी घर एकच होते, हे ध्यानी असावे.

तिसरे, बाजारातील झगमगाटापेक्षा मुलांच्या हातांना काम द्यावे. कामट्या, रंगीत कागद आणि खळ यांपासून आकाशकंदील आपल्या घरी होतोच. त्याच कामट्यांची पंचकोनी चांदणी मुले सहज बांधतील. ती कोणत्या बाळाच्या स्वागतासाठी, हे त्यांना ठाऊक असले म्हणजे झाले. सांजवातीची वेळ मात्र चुकवू नये. आधी देवापुढे दिवा, शुभं करोति, मग चांदणी. आपल्या देवाजवळचा दिवा शांतपणे तेवत असला की दारातील दुसऱ्या दिव्याने घरात उजेड वाढतो, कमी होत नाही.

आणि चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. खानदेशात डिसेंबरची थंडी कडाक्याची असते. ऊसतोडीसाठी, वीटभट्ट्यांसाठी घरे सोडून आलेल्या कुटुंबांची मुले या दिवसांत उघड्या माळावर पालांत निजतात. आपल्या मुलाच्या हातून अशा एका लेकराला एखादे उबदार वस्त्र, मूठभर खाऊ द्यावा. जागा न मिळालेल्या बाळाचा जन्मदिवस साजरा करण्याची याहून योग्य रीत ख्रिस्ती शास्त्रातही नसेल, आणि अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या धर्मातही नाही.

धरणगावच्या एका घराने खानदेशला एक मूल दिले आणि नगरच्या एका घराने त्या मुलाला पोटच्या लेकरासारखे जपले. पहिले घर देव्हाऱ्याचे होते, दुसरे घर प्रार्थनेचे. दोन्ही घरांची माया एकाच कवितेत मुरली आणि ती कविता आज शतकानंतरही सर्व जातिधर्मांची मराठी मुले शाळेत एका सुरात म्हणतात. आपल्या दारी, मग ते कोणत्याही धर्माचे असो, असे मूल आले तर त्याला जागा मिळो. श्रीदत्तगुरूंच्या चरणी हीच प्रार्थना करून आम्ही आपल्या सर्व ख्रिस्ती बांधवांना नाताळचे अभीष्ट चिंतितो.